मुखपृष्ठाचा दुसरा रंग

एका संगीत-मासिकाचं मुखपृष्ठ करता करता मी माझ्या थोरल्या बहिणीचं गाणं बंद पाडलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. त्या मुखपृष्ठाबद्दल पुढे बऱ्याच जणांनी विचारलं, आणि दरवेळी मी मोकळी जागा, अक्षरांचं वळण असलं काहीबाही बोलून वेळ मारून नेली. मला ते छान जमतं. आता वय झालंय, स्वतःच्या लबाडीचा कंटाळा आलाय, म्हणून लिहून टाकतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कुंभकोणमला एका छापखान्यात मी लेबलं काढायचो. सुगंधी सुपारीच्या पुड्या, तपकिरीचे डबे, रेशमी लुगड्यांचे खोके; त्यांच्यावरच्या लक्ष्म्या, हत्ती आणि मोर सगळे माझे. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उठतं. हात बरा होता. वय तेवीस, आणि अख्ख्या गावात आपल्याइतकं कुणाला काही कळत नाही अशी माझी पक्की समजूत.

घरात काका, काकू, अक्का आणि मी. आईवडील आधीच गेले होते. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला आडुतुरैला दिली होती. मेहुणे तिथल्या भाताच्या संशोधन केंद्रात कारकून होते. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच ते विषमज्वरानं गेले, आणि बाविसाव्या वर्षी अक्का एक ट्रंक आणि तंबोरा घेऊन परत आली. लहानपणी ती वडिलांच्या मांडीला मांडी लावून एकादशीच्या भजनाला बसायची, आणि तिनं आलाप घेतला की टाळ धरलेले म्हातारे टाळ विसरायचे. परत आल्यावरही ती गायची, पण मागल्या खोलीत, दार लोटून घेऊन, तंबोऱ्याहून हलक्या आवाजात. पुढच्या ओसरीवर बसून गाऊ नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. कुणावर तसं म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती. सात वर्षं अशी गेली. मला ते फार खुपायचं. हिला एकदा त्या खोलीतून बाहेर काढायचं, असं मी मनाशी म्हणायचो, आणि म्हणून झालं की जेवून छापखान्यात जायचो.

इथे भाषेचं थोडं सांगायला हवं. मी हे लिहितोय ते मराठी पुस्तकांतून शिकलेलं आहे. घरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेल्यांचं तंजावरी मराठी बोलायचो, पुण्याचा माणूस ऐकून गालात हसेल असं. पोथीतून उठून आल्यासारखे बोलता, असं एका पाहुण्यानं आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. आणि घराचा उंबरठा ओलांडला की तमिळ. बाजारात तमिळ, देवळात तमिळ, छापखान्यात तर सारं तमिळच. दोन खिशांत दोन किल्ल्या असाव्यात तसं ते आम्हाला अंगवळणी पडलेलं होतं.

गावातल्या संगीत सभेनं मासिक काढायचं ठरवलं. सभेचे चिटणीस पेशानं वकील, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि प्रत्येक गोष्टीत मद्रासचा दाखला देण्याची खोड. मार्गळी महिन्यात, म्हणजे गाण्याच्या ऐन हंगामात, पहिला अंक यायचा होता. त्यांनी मद्रासच्या जुन्या संगीत-मासिकांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "हे नीट बघ, अभ्यास कर, आणि यांच्या तोडीचं काहीतरी दे." मी हवेत. लेबलवाल्याला चक्क कुणीतरी अभ्यास करायला सांगितलं होतं!

रविवारी मी ती सगळी मुखपृष्ठं माजघरात जमिनीवर ओळीनं मांडली. काकू ओलांडून जाताना पुटपुटत होत्या. मी एक युक्ती काढली. प्रत्येक चित्राकडे बघायचं, डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे आणि नजर पहिल्यांदा जिथे पडेल तिथे एक चिंचोका ठेवायचा. अर्ध्या तासात मला गुपित कळलं. माझे बहुतेक चिंचोके लाल रंगावर पडले होते. मासिकं सगळी दोनरंगी, काळा आणि लाल. ज्या चित्रकारानं लाल रंग जागोजाग फासला होता त्याच्या पानावर नजर सैरावैरा फिरत होती. ज्यानं तो मासिकाच्या नावाला आणि चित्रातल्या एखाद्याच बारीक जागी दिला होता त्याचं पान शांत होतं, आणि तरी लांबून ओळखू येत होतं. मी वहीत लिहून ठेवलं: लाल दोनच ठिकाणी. एक मोठं, एक लहान.

मग मी अक्काला हाक मारली. म्हटलं, आता तू ठेव चिंचोके. ती निवडायचे तांदूळ बाजूला सारून आली, पदर खोचून वाकली आणि भराभर चिंचोके ठेवत गेली. तिचे सगळे हातांवर. वीणेवरचे, व्हायोलिनवरचे, मृदंगावरचे हात. लाल रंग तिला दिसतच नव्हता म्हणा ना.

"ही तंबोरा धरोन बसली अहे की लेंकरूं निजवते अहे?" एका देखण्या बाईच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली. मग वाकून तारा मोजल्या. "पांच! अरे, तंबोऱ्याला चार तारा. पांचवी कोणाची? संपादकाची?"

आम्ही दोघं इतके हसलो की काकू पुन्हा बघायला आल्या. कितीतरी दिवसांनी मी तिला तोंडावर हात न घेता हसताना बघत होतो.

त्या गठ्ठ्यात एक अंक मराठी होता, पुण्याकडचा, कसा कोण जाणे मद्रासमार्गे येऊन पडलेला. त्याच्या मुखपृष्ठावर तंबोऱ्याच्या भोपळ्याची नुसती एक वळणदार रेघ आणि दोन बोटं. बाकी पान कोरं. त्या एका चित्रावर माझा आणि अक्काचा चिंचोका एकाच जागी पडला, त्या बोटांवर. हेच सगळ्यांत चांगलं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तो अंक उचलून बाजूला ठेवला आणि म्हणालो, आपल्याकडे असलं चालायचं नाही.

अक्का मात्र त्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे हात काढ. तंबोरा कसा धरावा तें तरी नीट येईल."

तिनं स्वतःहून असं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. ती पुढे म्हणाली, "हातच पण. तोंड नको. शरि?"

"शरि," मीही तमिळमध्येच होकार दिला.

आठवडाभर रोज सकाळी छापखान्यात जायच्या आधी ती माझ्यासमोर बसली, आणि बसली ती ओसरीलगतच्या खोलीत, कारण तिथे उजेड चांगला. पहिल्या तारेवर मधलं बोट, पुढच्या तिन्हींवर अंगठ्याशेजारचं. मी चित्र काढतोय म्हणून तिनं नुसता हात ठेवला नाही, खरंच छेडत राहिली. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छेडता छेडता गुणगुणायलाही लागली. बोटांची वळणं नीट समजावीत म्हणून मी एका दुपारी बसनं स्वामीमलैला जाऊन मूर्तिकारांच्या मेणाच्या साच्यातले हात बघून आलो. परत येऊन अक्काचा हात बघितला तर तो अधिक चांगला होता. चित्र खरोखर उतरलं. माझ्या हातून त्याहून चांगलं काही झालेलं नाही, आणि ते छापलं गेलं नाही.

चिटणिसांनी ते चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "हात कुणाचे? ज्योतिष्याच्या पाटीवर शोभतील. अरे, तोंड कुठाय? मद्रासच्या एका तरी अंकावर बिनतोंडाची बाई बघितलीस?"

मी वाद घालायला हवा होता. पुण्याचा अंक दाखवायला हवा होता, तो माझ्या पिशवीतच होता. पण मुखपृष्ठ हातचं जाईल या भीतीनं मी म्हणालो, "काढतो की तोंड." आणि काढलं. तंबोऱ्याच्या नादाकडे कान लावून बसलेल्या बाईचं तोंड कसं दिसतं, ते मी जन्मात एकाच बाईचं बघितलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित डावीकडे. मी डोळे जरा मोठे केले, केसांत फुलं माळली, आणि ओळखू येणार नाही अशी स्वतःची समजूत घातली. अक्काला विचारलं नाही.

काळ्या रंगाचा ठसा कोरून झाला. आता लाल. मासिकाचं नाव लाल, ते वर. आणि माझ्या वहीतल्या नियमाप्रमाणे दुसरी, लहान जागा? शोधायला लागलंच नाही. चित्राच्या बरोबर मध्यावर बाईचं कपाळ होतं, तिथे मी एक लाल ठिपका दिला.

छापखान्यात त्याला सगळे पोट्टु म्हणायचे. तमिळमध्ये पोट्टु म्हणजे ठिपका. कपाळावरचा तोही पोट्टु, कागदावरचा तोही पोट्टु. दोन रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून आम्ही ठशाच्या कोपऱ्यांत खुणेचे ठिपके कोरायचो, तेही पोट्टुच. चोळपुरमहून सायकलनं येणारा आमचा मशीनमन कागद डोळ्यांजवळ धरून म्हणायचा, "पोट्टु एक सूत डावीकडे गेला," आणि मी ठसा सरकवायचो. "आता वर गेला." पुन्हा सरकवायचो. पूर्ण सकाळ आम्ही दोघं त्या पोट्टुशी झटत होतो. तो जागेवर बसला तेव्हा मशीनमननं माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वेळात घरातला शब्द माझ्या मनात एकदाही आला नाही. काम मी तमिळमध्येच करायचो, विचारही तमिळमध्येच. कुणी शपथेवर विचारलं असतं की तू काय छापतोयस, तर मी पोट्टु असंच सांगितलं असतं, आणि ते खोटं नव्हतं.

पंचवीस-तीस प्रतींवर लाल रंग चढला तेव्हा मला राहवेना. एक ओलं मुखपृष्ठ दोन बोटांत धरून मी भर उन्हात घरी पळालो. अक्का ओसरीच्या दारात उभी होती. मी ते तिच्यापुढे धरलं, आणि तिनं हात पुढे केला त्या क्षणी मला आमच्या भाषेत दिसलं की ते कुंकू आहे.

सात वर्षं विधवा असलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडावर मी ठसठशीत कुंकू कोरलं होतं.

अक्कानं बराच वेळ बघितलं. तारा मोजल्या. मग तिनं कपाळावरच्या लालावर बोट ठेवलं. शाई वाळलेली नव्हती, बोटाला लागली. ती बोटाकडे बघत राहिली. आता ही रडेल किंवा कागद फाडेल असं मला वाटलं.

"बरी दिसते रे," ती म्हणाली. "अशीच होत्यें मी."

आणि हसली. रागावली नव्हती, मुळीच नाही. तिनं आतून तंबोरा आणला, ओसरीवर पाय मुडपून बसली, मुखपृष्ठ समोर खांबाला टेकून ठेवलं, आणि गायला लागली. दार सताड उघडं. वडील म्हणायचे तो अभंग, खालच्या सुरातून सुरू करून वर वर नेत. समोरच्या घरातली बाई धुणं वाळत घालायची थांबली. मी खांबाला धरून उभा होतो आणि मला वाटत होतं की मी जगातला सर्वांत मोठा कलावंत आहे. इतका आनंद मला पुढे कुठल्याच कामानं दिला नाही.

काका जेवायला घरी आले ते गाणं चालू असतानाच. काका दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. अक्काला परत आणायला आडुतुरैला तेच गेले होते आणि येताना पूर्ण रस्ता लहान पोरासारखे रडत होते. त्यांनी मुखपृष्ठ उचललं, बघितलं, परत खांबाला टेकवलं, आणि मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही.

"कुंभकोणांत आपलीं घरें किती?" ते म्हणाले. "एका हाताच्या बोटांवर मोजावीं इतकीं. अस्कीं, एकूणएक ओळखतील. तिला काय काय ऐकावें लागेल तें तुला ठावकें अहे? आणि तुला मुलगी कोण देईल? जा, तें काढोन टाक. आत्तां."

बाहेर अक्काचं गाणं थांबलेलं होतं. मध्ये नुसती एक भिंत. तिनं सगळं ऐकलं असणार. मी तिच्याकडे जाऊन विचारू शकलो असतो. तुला काय हवं, एवढंच. त्याऐवजी मी मागल्या दारानं बाहेर पडलो, कारण पुढच्या दारानं गेलो असतो तर ती दिसली असती. तिला लोकांची बोलणी बसू नयेत म्हणून मी गेलो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्याच महिन्यात मला एक मुलगी सांगून आली होती आणि मला ती पसंत होती.

छापखान्यात जाऊन मशीन थांबवलं. लाल ठसा बाहेर काढला, पटाशी घेतली आणि तो ठिपका खरवडला. दोन फटक्यांचं काम. लाकडावर एकदा काढलेलं परत लावता येत नाही. मशीनमननं नवीन प्रत उचलून बघितली आणि म्हणाला, "पोट्टु होता तेव्हा बरं होतं." चिटणीस नेमके आले होते, ते म्हणाले, आता कसं सोज्ज्वळ वाटतंय.

मी नवीन प्रत घेऊन घरी गेलो. अक्का तिथेच बसली होती, तंबोरा मांडीवर आडवा. मी जुनी प्रत उचलली आणि तिच्या जागी नवीन टेकून ठेवली. काय समजून ठेवली, ते मला आजही सांगता येणार नाही. गुपचूप बदललं तर कळणार नाही, असंच बहुधा वाटलं असावं.

"हें कोणें पुसलें?" तिनं विचारलं.

"तो पोट्टु ना, ठशावरचा," मी म्हणालो. "खरवडला."

"आपल्यांत काय म्हणतात त्याला?"

तिनं वाट बघितली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. मग ती उठली, तंबोऱ्याच्या खुंट्या एकेक करून सैल केल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागल्या खेपेस बायकांनीं पुसलें. त्यांला तरी रडें येत होतें."

त्यानंतर अक्का गायली नाही. मागल्या खोलीतही नाही, हलक्या आवाजातही नाही. तंबोरा वर्षभरानं भजनाच्या मठात देऊन टाकला. तोही मीच पोचवला. मुखपृष्ठाचं कौतुक झालं, मला मद्रासहून बोलावणं आलं, मी गेलो, लग्न झालं, शेकड्यांनी मुखपृष्ठं केली. अक्का त्यानंतर वीसेक वर्षं होती. मी गेलो की जेवायला वाढायची, पोरांची चौकशी करायची. माझ्याशी एकदाही वाकडं बोलली नाही, आणि मी एकदाही माफी मागितली नाही. दर खेपेला वाटायचं, पुढल्या खेपेला बोलू.

ओसरीवर ती तसं म्हणाली तेव्हा माझे डोळे कोरडे होते. मला उलट तिचा राग आला होता, तिच्या भल्यासाठी एवढी धावपळ केली आणि हिचं हे बोलणं. मी पायांत चपला सरकवल्या आणि कामावर परत गेलो. रडू आलं ते फार वर्षांनी, आणि तेव्हा ते बघायला ती नव्हती.